‘मीडियम’ ही सिरीयल बघताना नवरा-बायकोचा उलटा संसार कसा पकडायचा

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायचा प्रश्नच नाही, तर कूलरमध्ये पाणी भरा आणि सबटायटल लावूनच ठेवा, कूलरच्या घरघरीत काहीच ऐकू येत नाही भाऊ. सिरीयल २००५ ते २०११ची, सात सीझन, गोष्ट अमेरिकेतल्या फिनिक्सची, तिथं पण आपल्यासारखंच रखरखीत ऊन.

आता पहिल्यांदा पाहताना भुतांकडं लक्ष देऊच नका. एक कागद घ्या, दोन रकाने पाडा, खुनाच्या मागं कोण धावलं आणि घर कोणी धरून ठेवलं. बायको ॲलिसन, तिला मेलेली माणसं दिसतात, ती सरकारी वकिलासाठी काम करते, म्हणजे हिरोगिरी तिच्याकडं. नवऱ्याचं नाव ‘जो’, तो इंजिनियर, पण ती स्वप्नातून दचकून उठली की ह्याची पण झोप गेली, वरून तीन पोरी. सकाळच्या नाश्त्याचा सीन अजिबात फॉरवर्ड करू नका, खरा माल तिथंच आहे.

मग जोचा एखादा डायलॉग घ्या, काळजीचा नाहीतर वैतागाचा, आणि आपल्या मराठी सिरीयलमधल्या सुनेच्या तोंडी घालून पाहा. फिट बसला की समजा उलटापालट सापडली. पण त्याला बिचारा म्हणून सोडू नका, तो नोकरी करतो, भांडतो, तिच्या स्वप्नांवर शंका पण घेतो, म्हणून तर लग्न खरं वाटतं.

मी हे सगळं बायकोला रंगवून सांगत होतो तर ती म्हणे, छान, आता उठा अन् कूलरमध्ये पाणी टाका.