जुनी गाडी मधूनच मिसिंग मारते? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

"भाऊ, आत्ता नाही मारत, पण मारते."

चाळीसगावात गॅरेज टाकल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता गिऱ्हाइकाने बॉनेटला हात लावायच्या आत मी स्टूल पुढे सरकवतो. बसा आधी. मधूनच येणारं मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलेंडरात पेट्रोल न पेटल्याने बसणारा झटका, पान्याने सापडत नाही, विचारपूस करून सापडतं. आणि नेमका तेवढाच वेळ कोणाकडे नसतो. गाडी लावली की हुकूम, "प्लग टाकून द्या." प्लग झाले की वायरी, वायरी झाल्या की कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवते ती), मग कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळतो तो) सफाई. खिसा हलका होतो आणि कन्नड घाटाच्या पहिल्या चढावर गाडी पुन्हा तशीच झटके देते.

सगळ्यात महागडी चूक हीच. दोष हजर नसताना पार्ट बदलला तर तो बरोबर बदलला का चुकीचा, हे ठरवणार कसं? गाडी आधीही चांगलीच चालत होती की!

पाचोऱ्याकडच्या एका गुरुजींची कार्बोरेटरवाली मारुती 800 होती. वैशाखात आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत तीन ठिकाणी काढलेले जुने पार्ट आणि बिलं. प्लग, वायरी, कॉइल, पेट्रोल पंप, सगळं नवं झालेलं. तक्रार अशी की 60 च्या स्पीडला गाडी मस्त, पण ओव्हरटेकला पाय दाबला की एक-दोन झटके. पाय सोडला की पुन्हा ठीक.

पाय दाबल्यावर अडखळते म्हणजे कार्बोरेटरचा अ‍ॅक्सिलरेटर पंप, असं मीही ठरवून टाकलं. त्यातला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, बदलला, एक चक्कर मारली, गाडी दिली. तिसऱ्या दिवशी गुरुजी परत. बोलले काही नाहीत, पिशवीतली बिलं नीट लावत बसले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. गाडी त्यांना चालवायला दिली आणि मी शेजारी बसलो. घाटाच्या दिशेने निघालो. तिसरा-चौथा झटका अंगाने ओळखू आला. पेट्रोल कमी पडलं की गाडी ढेपाळते, कोणी मागून ओढल्यासारखी हळूहळू बसते. करंट तुटला की खटकन चावी बंद करून लगेच चालू केल्यासारखं होतं. ही गाडी खटकन तोडत होती. म्हणजे मी उगाच कार्बोरेटर उघडला होता.

परत येऊन इंजिन स्लोवर ठेवलं, म्हणजे गाडी उभी आणि रेस न देता. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग, त्याच्या व्हॅक्युम डबीला जाणारी रबरी नळी कार्बोरेटरच्या टोकाकडून काढली, ते टोक बोटाने बंद केलं आणि नळी तोंडाने ओढली. पाय दाबला-सोडला की हीच डबी आतली प्लेट फिरवते. नीट असेल तर ओढल्यावर इंजिन जरा चढतं, एवढंच. इथे ओढलं आणि पोऱ्या ओरडला, "खोकलनी भाऊ, खोकलनी!" सोडलं, पुन्हा खोकली. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली. आत त्या प्लेटला जोडलेली बोटभर लांबीची बारीक वायर. वरून धडधाकट, प्लास्टिकला ओरखडा नाही. चिमटीत धरून हलकेच ओढली तर रबरासारखी ताणली गेली. आतली तांब्याची तार प्लेटसोबत वर्षानुवर्षं हलून तुटलेली, नुसती टोकाला टोक टेकत होती. प्लेट फिरली की टोकं सुटायची.

मऊ, बारीक तारांची वायर टाकली, काम संपलं. डायफ्रामचे पैसे मी घेतले नाहीत. गुरुजींनी पिशवी पुढे केली, "यातलं काही परत घेता का?"

तेव्हापासून माझी सवय अशी, की गाडी कधी, कुठे, किती वेळाने मारते हे वहीत लिहिल्याशिवाय हात लावत नाही. सकाळी दवात किंवा पावसात मारते आणि गरम झाल्यावर सुधारते, तर मी ओलाव्याकडे बघतो: कॅपला केसासारखी चीर, कॅपच्या आत पेन्सिलने रेघ ओढल्यासारखा कार्बनचा माग, जुन्या वायरी. गार असताना ठणठणीत, अर्ध्या तासाने मारते आणि चहा पिऊन आलं की पुन्हा ठीक, तर कॉइल किंवा इग्निशनचं मॉड्यूल, म्हणजे ठिणगी वेळेवर पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी. असा पार्ट गार असताना मीटर लावून तपासला तर शंभर टक्के पास होतो, म्हणून तो गाडी मारत असतानाच तपासायचा. चढावर वरच्या गिअरमध्येच मारते, तर प्लग आणि वायरी. लोडवर सिलेंडरात दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात आणि कमजोर वायर तेव्हाच उघडी पडते. फक्त स्लोवर मारते आणि रेस केल्यावर ठीक, तर कुठूनतरी हवा ओढतेय. मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचं) गॅस्केट बघा, ब्रेक बूस्टरची (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) नळी बघा.

वायरींचा संशय असेल तर रात्री दिवे घालवून बॉनेट उघडा. इंजिन चालू ठेवून वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा बारीक तुषार मारा. गळत असेल तिथे निळी नक्षी दिसते. फुकटची तपासणी आहे, पण दुपारी बाराला गाडी आणून "आत्ताच सांगा" म्हणणाऱ्याला ती नको असते.

चालू इंजिनात उघड्या हाताने प्लगची वायर उपसू नका. हे करणारे बहाद्दर मी बघितलेत, एकाचा हात झटक्याने फॅनकडे गेलेलाही बघितलाय. वायर नुसती लोंबकळत राहिली तर कॉइल आणि मॉड्यूलही जाऊ शकतं. इंजिन बंद करा, वायरीला जुना प्लग लावून तो बॉडीला पक्का अर्थ करा, मग स्टार्ट करून बघा कोणत्या सिलेंडरने फरक पडत नाही. 800 ला तीनच सिलेंडर आहेत, पाच मिनिटं लागतात. परत लावताना वायरींचा क्रम चुकवू नका, 800 चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, 1-3-2 आहे.

प्लग काढलाच आहे तर फेकायच्या आधी वाचा. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर तो सिलेंडर सुखी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्यासारखं काळं कोरडं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलकट ओलं असेल तर प्लगचा दोष नाही, इंजिनचं वय बोलतंय. नवा प्लग डब्यातून काढून तसाच बसवू नका, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टोकाचा गॅप बघा. 800 ला 0.7 ते 0.8 मिलिमीटर. वाकडा पाना लावून पांढऱ्या चिनी मातीला चीर पाडणारे स्वतःच नवं मिसिंग बसवतात.

एलपीजी किटवाल्यांची वेगळी रड. "पेट्रोलवर ठीक, गॅसवर मारते, म्हणजे किट खराब." बहुतेक वेळा नाही. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे थकलेली वायर आधी गॅसवर पकडली जाते. दुसरं म्हणजे गॅसवर पळालेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप आवळत जातो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. टॅपेट बघितल्याशिवाय किटवाल्याशी भांडायला जाऊ नका. आणि घरगुती सिलेंडर डिकीत टाकणाऱ्याची गाडी मी हातात घेत नाही.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर गेला की कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोलची पाइपातच वाफ होते. ते मिसिंग नव्हे. पंपावर ओलं फडकं टाका आणि सावलीत थांबा.

पेट्रोल टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र आपल्या काळ्या मातीच्या धुळीने बुजतं. गाडी मरायला लागल्यावर झाकण उघडताना 'स्स्स' आवाज आला तर दोष तोच.

आता स्कॅनरवाली पोरं, म्हणजे नव्या गाडीच्या कॉम्प्युटरमधून दोषाचा कोड वाचणारी. कोड आला पी 0301, बदल पहिल्या सिलेंडरची कॉइल. अरे, कोड फक्त कुठलं सिलेंडर हे सांगतो, का ते नाही सांगत. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर पहिल्या सिलेंडरची कॉइल दुसऱ्यावर लाव. कोड 0302 झाला तर कॉइल गुन्हेगार. नाही झाला तर प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), कंप्रेशन (सिलेंडरातला दाब). फुकटात होणारं काम आहे, पण त्यात पार्ट विकला जात नाही.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना "घरी जाऊन बघू" म्हणून तसेच निघू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. मग प्लगच्या कामाचं बिल कुठल्या कुठे जातं.

आणि हे सगळं करून स्लोवरचं एकच मिसिंग उरलं, तर वहीचं पान फाडून सायलेन्सरच्या तोंडाशी धरा. कागद एकसारखा बाहेर फडफडला तर ठीक. मधूनच आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळल्याचा संशय धरा. सिलेंडरातला दाब मोजायचं कंप्रेशन गेज लावा, सिलेंडरांच्या दाबात एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक नको. दाब कमी भरलेल्या सिलेंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, चढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. मग हेड उतरवावं लागणार, आणि त्या दिवशी तरी "संध्याकाळी न्यायला येतो" म्हणू नका.