हाताने रंगवलेल्या सुताचा छोटा धंदा गावातून कसा करायचा

विदर्भात कापूस ढीगभर पिकतो, पण क्रोशाचं रंगीत सूत पाहिजे असलं की बाया नागपूर-अमरावतीचं दुकान गाठतात नाहीतर ऑनलाइन मागवतात, आणि तिथं तेच ते ठरलेले रंग. हाताने रंगवलेल्या सुताला गिऱ्हाईक आहे ते यामुळंच. एखादी लडी सुंदर रंगवणं काही अवघड नाही, कोणालाही जमते. पण अर्धं विणून झाल्यावर बाईचा मेसेज येतो की ताई, त्याच रंगाची अजून एक लडी द्या, तेव्हा तोच रंग निघाला पाहिजे, खरा धंदा तिथं आहे. खालचं सगळं त्या हिशोबानं वाचा.

सूत कोणतं घ्यायचं

सुरुवात कोऱ्या कॉटननंच करा, आणि एकाच जाडीनं. कोन (सुताची मोठी रिळं) किलोवर मिळतात, मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चकाकी आणलेलं) घेतलं तर रंग जास्त खुलतो. दुकानात "लोकर" म्हणून जे मिळते त्यातलं बरंचसं अॅक्रेलिक असते आणि त्यावर इथं सांगितलेला एकही रंग बसत नाही, मग घेतल्यावर डोकं धरून बसण्यापेक्षा दुकानातच एक धागा मागा आणि बाहेर येऊन काडी लावा. कापूस कागदासारखा जळते आणि मऊ राख होते, खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटात चुरते, अॅक्रेलिक वितळून टोकाला कडक मणी होते. खरी लोकर आणि आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडचं टसर रेशीम यांना वेगळे अॅसिड रंग, व्हिनेगर आणि आच लागते, ते कॉटनवर हात बसल्यावर पाहा.

लड्या आणि पाणी

कोनवरचं सूत लाकडी चौकटीवर गुंडाळून 100 ग्रॅमच्या लड्या करा. चौकटीचा घेर दीड मीटर ठेवला तर फेरे मोजले की लांबी आपोआप निघते, ती लेबलवर लागतेच. लडी चार जागी आठच्या आकड्यासारखी बांधा, पण सैल, कारण गाठ आवळली की तिच्याखाली सूत पांढरंच राहते आणि तेवढी जागा विणल्यावर डोळ्यात खुपते.

मग लड्या धुण्याचा सोडा आणि थोडा साबण टाकून तासभर उकळा. पाणी पिवळट-तपकिरी निघते, तो कापसाचा मेण-मळ. हे टाळलं तर रंग ठिपक्या-ठिपक्यानं बसते.

पाण्याचं मात्र आपल्याकडे अवघड आहे. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका. साबणाला फेस येत नसेल तर ते पाणी रंगाला वापरू नका, धुवायला वापरलं तर चालते. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पहिली एक-दोन सर सोडून टाकीत साठवा, नाहीतर गावातल्या आरओचं कॅन आणा. आणि ज्या पाण्यात एक शेड बसवली त्याच पाण्यात ती पुढंही करा, पाणी बदललं की शेड बदलते.

रंग

कॉटनसाठी थंड पाण्यात बसणारे रिअॅक्टिव्ह रंग घ्या. पुडी उघडताना मास्क आणि हातमोजे पाहिजेच, ही भुकटी श्वासातून गेली की कायमची अॅलर्जी बसू शकते, लेकराबाळांना तिथं फिरकू देऊ नका. गंज (पातेली), बादल्या, चमचे स्टीलचे आणि वेगळे, स्वयंपाकात परत न्यायचे नाहीत.

10 ग्रॅम रंग 1 लिटर पाण्यात कालवून बाटलीत भरा. आता यातल्या 100 मिलीमध्ये 1 ग्रॅम रंग आहे, म्हणजे 100 ग्रॅम सुताला मध्यम शेडसाठी 100 मिली, फिक्कीला 30-50, गडद करायची तर 300-400. चिमटीनं रंग टाकणाऱ्याला तीच शेड पुन्हा कधीच सापडत नाही, सिरिंज नाहीतर मापाचा ग्लास पाहिजे. बाटलीतला रंग फार दिवस ठेवू नका, जोर उतरते.

2 लिटर पाण्यात रंग आणि 100 ग्रॅम मीठ विरघळवा, ओली लडी सोडा, अर्धा तास हलवत राहा. मग लडी बाहेर काढून वेगळ्या भांड्यात कोमट पाण्यात विरघळवलेला 40 ग्रॅम सोडा अॅश त्यात ओता (खाण्याचा सोडा नाही हो), लडी परत टाका, तासभर अधूनमधून वरखाली करा. सोडा पडला की रंग धाग्याला चिकटते आणि उरलेल्या पाण्याचा जोर काही तासांत जाते, म्हणून ते उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. आता मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणीच अंग भाजवते आणि डिसेंबरात पहाटे हात बधिर होतात, तर हिवाळ्यात पाणी कोमट करून घ्या, नाहीतर तेवढ्याच रंगात शेड फिक्की निघते.

काढल्यावर आधी थंड पाण्यात धुवा, मग उकळत्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. इथं कंटाळा केला तर गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या सुतावर तुमचा लाल उतरते. वाळत घाला ते सावलीत. पावसाळ्यात दोन-दोन, तीन-तीन दिवस लागतात आणि कुबट वास धरते, म्हणून आखाडाच्या आधी साठा करून ठेवा. मीठ-सोड्याचं पाणी वावरात सोडू नका, काळी माती चोपण होते, विहिरीजवळ तर नकोच.

पळसाचा पिवळा करायचा असेल तर शिमग्याच्या सुमारास फुलं गोळा करून सावलीत वाळवा. 100 ग्रॅम सूत 20 ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात रात्रभर, दुसऱ्या दिवशी 20 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात दोन-चार तास, मग फुलांच्या गाळलेल्या काढ्यात मंद आचेवर, पऱ्हाटीची चूल चालते. चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकलं की पिवळा काळपट हिरव्याकडे झुकते. पण फुलांचा जोर दरवर्षी सारखा नसते, आणि ऊन लागलं तर टिकते किती हे पाहायला धाग्याचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून दोन आठवडे खिडकीत ठेवा. हळदीचा तर उडतेच. हे गिऱ्हाईकाला आधी सांगून विका, अशा लड्यांची दुसरी ऑर्डर घेऊ नका.

वही

प्रत्येक शेडला एक पान. तारीख, सुताचा लॉट, पाणी कोणतं, किती मिली कोणता रंग, मीठ, सोडा, किती वेळ, त्या दिवशी ऊन होतं का गारठा, आणि पानाला त्या लडीचा वीतभर धागा चिकटवलेला. तरी दुसऱ्या वेळी थोडा फरक येईल, म्हणून एका स्वेटरला लागतील तेवढ्या लड्या एकाच गंजात रंगवा आणि लेबलवर लॉट नंबर टाका. नवीन लॉटची लडी जोडायची असेल तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या अशा विणायला सांगा, फरक लपते.

विक्री

किमतीत सूत, रंग, गॅस, लेबल, पाकीट आणि बिघडलेल्या लड्या धरा, आणि स्वतःची मजुरी धराच, ती बाया हमखास विसरतात, लडी गुंडाळायला आणि धुवायलाच रंगवण्यापेक्षा जास्त वेळ जाते. दुकानाला द्यायचं तर त्याचं मार्जिन आधीच किमतीत बसवा, दोन ठिकाणी दोन भाव ठेवले की कळतेच. फोटो सकाळी सावलीत काढा, फिल्टर नको. तरी मोबाईलवर रंग वेगळा दिसते, तर संशय असलेल्या गिऱ्हाईकाला वीतभर धागा पाकिटात घालून पोस्टानं पाठवा.

उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंद) ऑनलाइन आणि फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पॅक केलेल्या मालावर वजन, एमआरपी, महिना, तुमचं नाव-पत्ता पाहिजे. दुसऱ्या राज्यात माल विकायचा झाला की उलाढाल कितीही लहान असो, जीएसटीचा प्रश्न येते, तेव्हा तालुक्यातल्या सीएला आधी विचारा आणि तोवर महाराष्ट्रातल्याच ऑर्डरी घ्या.