शाळेत असताना कादंबरी कशी वाचायची आणि कविता कशी लिहायची

पहिली कादंबरी निवडताना एकच अट पाळा. तिच्यातली जमीन तुमच्या ओळखीची हवी. आम्हा कोकणातल्या मुलांना व्हाळ (ओढा), साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), गडगा (दगडांचं कुंपण), मांगर (शेतातलं खोपट) हे शब्द आले की अडखळायला होत नाही आणि सगळं लक्ष माणसांकडे राहतं. पुण्या-मुंबईच्या आणि राजवाड्यांतल्या कादंबऱ्या कुठे पळून जात नाहीत.

मी वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याची, यंदा अकरावीला. माझ्यासाठी हा सल्ला देणं सोपं आहे, कारण शेजारच्या आरवलीचे जयवंत दळवी आणि वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर व मंगेश पाडगावकर. एका तालुक्याला एवढे म्हणजे जरा जास्तच झाले. पण बाकीचे काही उघडे पडलेले नाहीत. दापोली-खेडकडच्यांना श्री. ना. पेंडसे आहेत, रत्नागिरीजवळच्या मालगुंडला केशवसुत, देवगडला विंदा करंदीकर. आपल्या बाजूचं कोण, हे मराठीच्या बाईंना विचारा. नाहीतर गावच्या वाचनालयातल्या काकांना विचारा, त्यांना बहुतेक बाईंपेक्षा जास्त माहीत असतं.

माझा क्रम सांगते. आधी दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’. गावातली एकेक तऱ्हेवाईक वल्ली येते आणि जाते, त्यामुळे एका ऑफ तासाला एक माणूस वाचून होतो. मग पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’, १९५२ सालचा. तो एकदा हातात घेतला की गृहपाठ राहतो, तेव्हा शनिवारीच सुरू करा. मग खानोलकरांची ‘चानी’. ती लहान आहे, पण लहान म्हणजे सोपी असं समजू नका. पेंडशांचेच ‘तुंबाडचे खोत’ दहावीनंतरच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. दोन जाड खंड, जगबुडीच्या काठावरचं खोतांचं घराणं आणि पिढ्यांमागून पिढ्या. वहीच्या शेवटच्या पानावर वंशावळ काढत वाचा, नाहीतर कोण कुणाचा पुतण्या हे शोधण्यातच मे महिना जाईल.

आता एक धाडसाचं बोलते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ आमच्या शिरोड्यात शिक्षक होते, त्यामुळे इथल्या वक्तृत्व स्पर्धेत दर दुसरं भाषण त्यांच्यापासून सुरू होतं आणि आठवीतल्या मुलाला बक्षीस म्हणून सरळ ‘ययाति’ देतात. देऊ नका. ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी आहे, भाषा सुंदर आहे, पण ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात आणि कुणाचं किती खरं मानायचं हे ठरवायला वाचणारा थोडा मोठा लागतो. आठवीतलं मूल त्यातली सुभाषितवजा वाक्यं तेवढी वहीत उतरवतं आणि कादंबरी वाचली म्हणून मोकळं होतं.

वाचायचं कसं

पहिल्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेऊ नका. पुढे काय होतं एवढ्याचसाठी वाचा, त्यात कमीपणा नाही. फक्त जिथे तुम्ही थांबलात, मान वर केलीत, त्या पानाचा आकडा एका चिठ्ठीवर टिपून ठेवा. कारण लिहू नका.

पुस्तक संपलं की दोन-चार दिवसांनी ती पानं परत काढा. आता शोधायचं ते असं, की मला इथे थांबवणारं वाक्य नेमकं कोणतं? बहुतेक वेळा ते साधं असतं. कुणीतरी पेज न पिताच उठून जातो, कुणी उंबऱ्यावर बसून राहतं पण आत येत नाही. राग, दुःख, अपमान यांतला एकही शब्द लेखकाने वापरलेला नसतो. असा एक परिच्छेद हाताने वहीत उतरवा. हाताने, फोटो काढून नव्हे. उतरवताना कळतं की वाक्य कुठे तोडलंय आणि काय सांगायचं मुद्दाम टाळलंय. पुढे कविता लिहिताना उपयोगी पडते ती ही टाळलेल्या गोष्टींची वही. सुविचारांच्या वहीचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

वेळ कुठून काढायचा? एसटीत वाचता येत असेल तर नशीबवान आहात, मला घाट नसलेल्या रस्त्यावरही मळमळतं. गणपतीत नाव काढू नका, घरात माणसं आणि रात्री भजनं. सगळ्यात चांगले दिवस भातलावणी उरकल्यावरचे. पाऊस पडत असतो, दिवे गेलेले असतात, मोबाईलला रेंज नसते आणि कुणी कामाला हाक मारत नाही. पडवीत उजेड असेपर्यंत वाचायचं.

पावसाळ्यात वाचनालयाच्या पुस्तकाची काळजी मात्र घ्या. दप्तरात ते वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, डब्याशेजारी नको. भिजलंच तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि बांधणीचा डिंक सुटतो. थोड्या थोड्या पानांनंतर कोऱ्या कागदाचा तुकडा घाला, तो ओला झाला की बदला, पंख्याखाली ठेवा आणि सुकल्यावर वर जड काहीतरी ठेवून दाबा. छापील कागद घालू नका, शाई उतरते. आणि परत करताना काकांना खरं सांगा, त्यांना तसंही दिसतंच.

वाचनालयाचं सभासद होणं ही लाजायची गोष्ट नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगते. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. जिथे रेल्वे पोचायला एकोणिसशे नव्वदचं दशक उजाडलं, तिथे पुस्तकं एवढ्या आधी पोचली होती. घरच्या मोठ्यांपैकी एकाला बरोबर न्या, अनामत भरा, कार्ड घ्या.

कविता

शाळेत कविता लिहायला सांगितली की किनारपट्टीवरच्या कुठल्याही वर्गात साधारण हीच कविता जमा होते:

निळ्या निळ्या सागराच्या
सोनेरी त्या किनाऱ्यावर
लाटा गाती मधुर गाणी
मन माझे वाऱ्यावर

यमक जुळलंय, शुद्धलेखन बरोबर आहे, दहापैकी आठ मिळतील. पण हा किनारा कुठला? वेळागरचा, गुहागरचा की कॅलेंडरवरचा? समुद्र निळा म्हणणाऱ्यांनी जूनमधला समुद्र एकदा जाऊन बघावा, तो मातकट असतो. आणि लाटा गातात हे तुम्ही ऐकलंत की धड्यात वाचलंत?

म्हणून कविता लिहायच्या आधी यादी करा. यमक नको, उपमा नको, फक्त दिसलेलं. मी आमच्या मिठागराची केली होती. शिरोड्याची मिठागरं जुनी, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातली, पण यादीत इतिहास घेतला नाही. घेतलं ते असं: खाजणातलं पाणी वाफ्यात सोडलंय. घोट्याइतकंच खोल. त्यात ढग दिसतात. काकी लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढतेय. तिच्या टाचांना भेगा आहेत. भेगांत मीठ जात असणार. ती काही बोलत नाही.

एवढं झालं की निम्मी कविता झाली. आता तिला साचा द्या. सगळ्यात सोपा आणि भरवशाचा साचा अभंगाचा आहे. तो तुमच्या कानात आधीपासून बसलेला असतो, कारण गावच्या भजनात लहानपणापासून ऐकलाय. मोठ्या अभंगाच्या चार तुकड्यांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. तुकारामांचं ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ बोटांवर मोजा. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे ‘ध्या’ एक. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. भुजंगप्रयातासारख्या अक्षरगणवृत्तांत लघु-गुरू सांभाळावे लागतात, ते नंतर.

यादीवरून झालेली कविता अशी:

आगरात पाणी
घोट्याएवढेच
ढग तेवढेच
मावतात

काकी मीठ ओढी
भेगाळले पाय
झोंबते ते काय
सांगेना ती

फार थोर नाही, पण आमच्या मिठागराची आहे. यात ‘कष्ट’ हा शब्द नाही, ‘घाम’ नाही, ‘बिचारी’ नाही. पहिल्या कच्च्या खर्ड्यात तिसरं एक कडवं होतं, ‘तिच्या घामामुळे आपुले जेवण’ वगैरे. ते खोडलं, कारण ते वाचणाऱ्याला शिकवत होतं. शेवटचं कडवं झाकून कविता वाचून बघण्याची सवय लावा. त्याच्याशिवाय कविता उभी राहत असेल तर ते काढून टाका. शाळकरी कवितांचं शेवटचं कडवं बहुतेक वेळा बाईंसाठी लिहिलेलं असतं.

कादंबरीचा उपयोग इथे होतो. काकी काय झोंबतं ते सांगत नाही, ही ओळ मला सुचली ती त्या उतरवलेल्या परिच्छेदांमुळे. गप्प बसलेल्या माणसाला गप्प ठेवून लिहिता येतं, हे कादंबऱ्यांनी दाखवलेलं होतं. कवितांच्या पुस्तकांतून मी लय घेते आणि कादंबऱ्यांतून माणसं. उलटं केलं की गडबड होते. दुसऱ्याच्या कवितेतला चंद्र आपल्या कवितेत आणला की तो उसना लगेच ओळखू येतो.

मालवणीत लिहायचं की प्रमाण मराठीत? यावर भांडणं होतात. माझं मत: कवितेत कोण बोलतंय ते बघा. आजी बोलत असेल तर ‘खय गेल्लंस गो’ असंच यायला हवं, तिच्या तोंडी ‘कुठे गेली होतीस’ घातलंत तर आजीच मरते. पण तुम्ही स्वतः बोलत असाल आणि केवळ गोडव्यासाठी मध्येच एक ‘गो’ आणि एक ‘माका’ पेरत असाल, तर ते पर्यटकांसाठी लावलेल्या पाटीसारखं दिसतं. पूर्ण मालवणीत लिहायचं तर पूर्ण लिहा. तपासणारे लाल शाईने शब्दाखाली रेघ मारतील. मारू देत, मार्जिनमध्ये अर्थ लिहून द्या.

टोपणनावाचा विचार शेवटी करा. आमच्या वर्गात कविता एक आणि टोपणनावं तीन अशी मुलं आहेत. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘आरती प्रभू’ हे नाव घेतलं आणि टिकवलं, पण त्यामागे ‘जोगवा’ आणि ‘दिवेलागण’ होते.

लिहिलेली कविता लगेच स्टेटसला टाकू नका. अंगठे आणि बदाम येतात, त्यातून काही कळत नाही. जो कविता वाचत नाही अशा एखाद्याला मोठ्याने वाचून दाखवा. मी आजीला दाखवते. ती सुपारी कातरत ऐकते आणि जिथे तिला कंटाळा येतो तिथे ‘चाय ठेवलंस काय?’ म्हणून मध्येच विचारते. त्या जागी खूण करायची. ती ओळ नव्वद टक्के वेळा खरोखरच सैल असते.

छापून यायची घाई करणाऱ्यांसाठी एक माहिती. केशवसुत १९०५ मध्ये गेले आणि त्यांच्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं १९१७ मध्ये. तेही पेशाने शिक्षकच होते. मालगुंडला त्यांच्या घरी स्मारक आहे, सहल गणपतीपुळ्याला जात असेल तर सरांना सांगून तिथे अर्धा तास थांबायला लावा, जेवणाची वेळ सोडून.

तुमच्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे शाळेचं हस्तलिखित आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. हस्तलिखितासाठी अक्षर चांगलं असलेली मैत्रीण आधीच पकडून ठेवा, जानेवारीत सगळेच तिच्या मागे लागतात. तिला कविता देताना ओळी जिथे तोडल्यात तिथेच तोडायला सांगा, नाहीतर जागा वाचवायला ती दोन ओळी एकत्र करते आणि अभंगाचा निबंध होतो. कार्यक्रमात वाचणार असाल तर कागद हातात ठेवा, पाठ असली तरी. आणि माईकवर ‘मी एक छोटीशी कविता सादर करते’ एवढं बोलून थेट सुरू करा, कविता कशी सुचली ते कुणी विचारलं तरच सांगायचं.