वेस्ट पॉइंटच्या रिंग वीकेंडला डेट म्हणून जाताना

न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात मुलीने "मला वेस्ट पॉइंटच्या रिंग वीकेंडचे आमंत्रण आले आहे" असे सांगितले, की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अंगठी? कोणी कोणाला घालायची?" आमच्या घरीही भाचीच्या वेळी हेच झाले आणि तिच्या आजीने पुण्याहून फोन करून मुलाचे गावही विचारून घेतले. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, की ही अंगठी साखरपुड्याची नव्हे. ती कॅडेटची, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या विद्यार्थ्याची स्वतःची, त्याच्याच बोटात जाणारी अंगठी असते आणि तुम्ही त्या प्रसंगाला त्याचे पाहुणे म्हणून जात असता. डेट म्हणून बोलावणे म्हणजे प्रेमसंबंधच असला पाहिजे असेही नाही. अनेक कॅडेट बहिणीला, आईला किंवा शाळेपासूनच्या मैत्रिणीला बोलावतात. १९७६ पासून या अकादमीत मुलीही शिकतात, त्यामुळे आमंत्रण मुलालाही येऊ शकते. पुढे सोयीसाठी मी कॅडेटला "तो" म्हटले आहे, एवढेच.

वेस्ट पॉइंट ही अमेरिकी लष्कराची अकादमी न्यूयॉर्क शहरापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर आहे आणि ती १८०२ मध्ये स्थापन झाली. चार वर्षांच्या शिक्षणात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्लीब, दुसऱ्याला इयरलिंग, तिसऱ्याला काऊ आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फर्स्टी म्हणतात. अंगठी मिळते ती फर्स्टींना, शेवटचे वर्ष सुरू होता होता, म्हणजे साधारणतः ऑगस्टच्या अखेरीस. वर्गाची अंगठी घडवण्याची पद्धत येथे १८३५ च्या तुकडीने सुरू केली आणि अमेरिकेतल्या शिक्षणसंस्थांमध्ये ती पहिली मानली जाते. या अंगठीच्या एका बाजूला अकादमीचे आणि दुसऱ्या बाजूला त्या तुकडीचे बोधचिन्ह असते. २००२ च्या तुकडीपासून आणखी एक प्रथा आली आहे: दिवंगत माजी विद्यार्थ्यांच्या अंगठ्या त्यांचे कुटुंबीय परत देतात, त्या वितळवून त्यांचे सोने नव्या अंगठ्यांच्या सोन्यात मिसळले जाते. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॅडेट पाच वर्षे प्रत्यक्ष आणि तीन वर्षे राखीव सेवेची बांधिलकी स्वीकारतो आणि त्यानंतर एका वर्षाने ही अंगठी हाती येते, हे ध्यानात ठेवले तर तो त्या दिवशी एवढा भारावलेला का असतो ते कळेल.

आमंत्रण स्वीकारण्यापूर्वी त्याच्याकडून वेळापत्रक लेखी मागवून घ्या. सोहळा बहुधा शुक्रवारी आणि मेजवानी व नृत्य, ज्याला तेथे हॉप म्हणतात, शनिवारी असते. परंतु तपशील दरवर्षी बदलतात आणि कोणत्या कार्यक्रमाला पाहुण्याला प्रवेश आहे हे त्यालाच विचारावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दोन दिवसांतला कॅडेटचा वेळ त्याच्या मालकीचा नसतो. हजेरी, खोलीची तपासणी, तुकडीसोबतची छायाचित्रे, त्याचे आईवडील, या सगळ्यांतून उरलेला वेळ तुमचा. तेव्हा दोनतीन तास एकटीने काढण्याची तयारी, चार्जर आणि चालण्याजोगे बूट सोबत असू द्या आणि फोन उचलला नाही म्हणून रुसून बसू नका.

राहण्याची सोय जुलैतच करून ठेवावी. कॅडेटच्या बराकीत पाहुण्याने राहण्याचा प्रश्नच येत नाही. अकादमीच्या आवारातच १९२६ पासून चालत आलेले थेयर हॉटेल आहे, परंतु त्या शनिवार-रविवारी तेथे खोली मिळणे कठीण असते. हायलँड फॉल्स, फोर्ट माँटगोमेरी, कॉर्नवॉल किंवा न्यूबर्ग ही जवळची गावे पाहावीत. प्रवासात एक चूक हमखास होते आणि ती आमच्या भाचीनेही केली. नकाशात गॅरिसन हे रेल्वेस्थानक अकादमीच्या अगदी समोर दिसते म्हणून ती न्यूयॉर्कहून मेट्रो-नॉर्थने तेथे उतरली. समोर दगडी इमारती स्वच्छ दिसत होत्या, फक्त मध्ये हडसन होती. पूल आहे तो दक्षिणेला बेअर माउंटनपाशी, आणि छोट्याशा स्थानकाबाहेर टॅक्सी उभी नव्हती. हातात पैठणीची पिशवी घेऊन ती पाऊण तास नदीकडे बघत बसली. तेव्हा गॅरिसनला उतरायचेच असेल तर न्यायला येणारे वाहन आधी ठरवा, नाहीतर न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानकावरून हायलँड फॉल्सकडे जाणारी बस किंवा घरची मोटार बरी. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूने निघालात तर दीड ते दोन तास धरा.

अकादमी हे लष्करी ठाणे असल्यामुळे फाटकावर ओळखपत्र पाहिले जाते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत असणाऱ्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा आणि परदेशी पाहुण्यांसाठी प्रवेशपत्राची कोणती रीत आहे ते कॅडेटला निदान दोनतीन आठवडे आधी चौकशी करून कळवायला सांगावे. हा कंटाळवाणा भाग आहे, पण रेशमी साडीत फाटकाबाहेर ताटकळण्यापेक्षा परवडला.

आता कपड्यांविषयी, कारण प्रश्न सर्वाधिक याचेच येतात. उन्हाळ्यातल्या औपचारिक प्रसंगी कॅडेट जो पांढराशुभ्र गणवेश घालतात त्याचे नावच "इंडिया व्हाइट" आहे: ताठ उभी कॉलर, पितळी बटणे आणि डाग लपवण्याची अजिबात सोय नसलेले पांढरे कापड. रात्रीच्या मेजवानीला बायका सहसा पायघोळ गाउन घालतात. साडी चालते का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की नुसती चालत नाही, शोभून दिसते, कारण शेकडो पांढऱ्या कोटांच्या गर्दीत पैठणीचा काठ लांबून ओळखू येतो. शिवाय साडीला एक सोय आहे, जी मला प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळली. गणवेशातल्या कॅडेटला सलाम करण्यासाठी उजवा हात मोकळा ठेवावा लागतो, म्हणून तो तुम्हाला आपल्या डाव्या बाजूला घेतो आणि डावा हात कोपरात वाकवून पुढे करतो. तुमचा उजवा हात त्यात जातो. आपला पदर डाव्या खांद्यावरून जातो, म्हणजे तो आपोआप बाहेरच्या बाजूला राहतो आणि दोघांच्या मध्ये येत नाही. पदराच्या निऱ्या करून त्या खांद्यावर दोन पिनांनी पक्क्या बसवल्या की रात्रभर बघावे लागत नाही. नऊवारीचा मोह आवरावा असे मी म्हणेन. नेसवायला कोणी सोबत नसेल तर हॉटेलच्या खोलीत तासभर मोडतो आणि मग घाई सुरू होते.

पांढऱ्या कापडाची दहशत मात्र मनात असू द्या. ओले कुंकू लावण्यापेक्षा टिकली बरी, काजळ न पसरणारे हवे आणि छायाचित्रासाठी जवळ उभे राहताना ओठांचा रंग त्याच्या खांद्याला टेकणार नाही इतपत अंतर ठेवावे. ऑगस्टमध्ये हडसनकाठची हवा दमट असते, तेव्हा दिवसाच्या सोहळ्याला सुती किंवा हलके कापड आणि सपाट चपला घालाव्यात. बारीक टाचा हिरवळीत रुततात. पुरुष पाहुण्याने रात्रीसाठी टक्सेडो किंवा गडद सूट घालावा, आणि बंदगळाही तितकाच रुबाबदार दिसतो.

अंगठ्यांचा सोहळा ट्रॉफी पॉइंटला होतो. हे नदीच्या वळणावरचे उंच मोकळे मैदान आहे, जेथे युद्धांत हस्तगत केलेल्या तोफा मांडल्या आहेत आणि १७७८ मध्ये ब्रिटिश जहाजांना अडवण्यासाठी नदीवर आडव्या टाकलेल्या लोखंडी साखळीच्या काही अवजड कड्या जपून ठेवल्या आहेत. लवकर जाऊन या कड्या पाहून घ्या. वाट पाहण्याचा वेळही बरा जातो. फर्स्टी आपापल्या कंपनीनुसार, म्हणजे लष्करी पथकानुसार, रांगेत उभे राहतात आणि अंगठ्या वाटल्या जातात. अंगठी घातल्यानंतर पहिला हक्क तुकडीतल्या मित्रांचा, मग आईवडिलांचा. तुम्ही चार पावले मागे थांबा. त्यानंतर बराकीकडे परतताना खरी गंमत होते: नव्याने भरती झालेले प्लीब फर्स्टीला घेराव घालतात आणि पाठ केलेले एक यमकबद्ध स्तुतिगान एका सुरात ओरडून म्हणतात, ज्यात अंगठीचे सोने, काच, पितळ, चकाकी यांचे अतिशयोक्त गुणगान करून शेवटी तिला हात लावू देण्याची विनवणी असते. फर्स्टी पळ काढतात, प्लीब मागे लागतात. या पळापळीत मध्ये पडू नका. कडेला उभे राहून चित्रण करा, तो नंतर ते दहा वेळा बघेल.

संध्याकाळी ध्वज उतरवण्याच्या वेळी तुतारी आणि तोफेचा आवाज येतो. तोफ अचानक दचकवते, हे आधीच सांगून ठेवते. त्या क्षणी चालणे, बोलणे थांबवून ध्वजाच्या दिशेने तोंड करून स्तब्ध उभे राहायचे; गाडीत असाल तर गाडी थांबवायची.

गणवेशात असताना, कोपराचा आधार देण्यापलीकडे, हातात हात घालून चालणे किंवा जवळीक दाखवणे कॅडेटला मना आहे, त्यामुळे तो अलिप्त वागतो आहे असा गैरसमज करून घेऊ नये. या शिस्तीवरचा उतारा म्हणून की काय, अकादमीत फ्लर्टेशन वॉक नावाची नदीकाठची पाऊलवाट आहे, जेथे फक्त कॅडेट आणि त्यांचे पाहुणे जाऊ शकतात. वाटेवर एक पुढे आलेला कातळ आहे. त्याच्याखाली चुंबन नाकारले तर तो कोसळतो आणि अकादमीही ढासळते, अशी दंतकथा कॅडेट मोठ्या निष्ठेने सांगतात. नात्याचे स्वरूप तसे नसेल तर हसून पुढे चालावे. एवढ्या वर्षांत कितीजणींनी नाही म्हटले असेल, कातळ जागेवर आहे. वाट खडबडीत आहे, साडी नेसून तेथे उतरू नये.

मेजवानीला आणि आयझेनहॉवर हॉलमधल्या हॉपला जाताना रिसीव्हिंग लाइन असेल तर तिची रीत माहीत हवी. वरिष्ठ अधिकारी आणि त्यांचे जोडीदार ओळीने उभे असतात. हातात ग्लास किंवा पर्स लटकवून जाऊ नये. अमेरिकी लष्कराच्या रिवाजाप्रमाणे पाहुणी पुढे आणि कॅडेट तिच्या मागे चालतो. सुरुवातीला उभा असलेला अधिकारी फक्त नावे विचारून पुढे सांगण्यासाठी असतो, त्याच्याशी हस्तांदोलन करायचे नसते. येथे आपल्या नावांचे हाल होतात. मृण्मयी किंवा ज्ञानदा असे नाव असेल तर आधीच त्याचे सोपे तुकडे करून कॅडेटला दोन वेळा म्हणायला लावा. मग प्रत्येकाशी एक वाक्य बोलून पुढे सरकायचे. रांग तुंबवून अंगठीचा इतिहास ऐकवायचा नाही.

शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच कळवा; ऐन वेळी सांगितले तर ताटात उकडलेल्या भाज्या आणि पाव एवढेच येण्याची शक्यता असते. टोस्टच्या, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा देण्याच्या, वेळी सगळ्यांबरोबर उठून उभे राहायचे, मद्य घेत नसाल तर ग्लास ओठांना टेकवला तरी पुरे. २१ वर्षांखालील पाहुण्यांना मद्य मिळत नाही आणि त्यासाठी रदबदली करून कॅडेटला अडचणीत आणू नये, कारण त्याची किंमत त्याला मोजावी लागते.

आणखी एक घोटाळा टाळा. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत १९२५ पासून चालत आलेल्या रिंग डान्समध्ये डेट अंगठी फितीत ओवून गळ्यात घालते आणि सात समुद्रांच्या पाण्यात बुडवते. हे वर्णन वाचून आमच्या ओळखीची एक मुलगी वेस्ट पॉइंटला निळी रेशमी फीत घेऊन गेली होती. तेथे तिचा काही उपयोग नव्हता, आणि दोन्ही अकादम्यांचे वैर लक्षात घेता ती पर्समधून बाहेर न काढणेच शहाणपणाचे ठरले.

भेटवस्तू नेण्याची सक्ती नाही. न्यायचीच असेल तर डबा न्या. रविवारी सकाळी, रात्रभर नाचून दमलेल्या आणि पुन्हा अभ्यासाकडे वळायच्या तयारीत असलेल्या कॅडेटला आमच्या भाचीने बेसनाचे लाडू दिले, तेव्हा त्याच्या खोलीतल्या दोघांनी अंगठीपेक्षा त्या डब्याभोवती जास्त घेराव घातला, असे तिने मला परतीच्या वाटेवर सांगितले.