रीफ टाकीला चिलर बसवण्याआधी

मार्च लागला की गोव्यात घरातलं पाणीही तापतं, म्हणून चिलरची, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणाऱ्या मशीनची, तयारी फेब्रुवारीतच हातावेगळी करा. रीफ टाकीला, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, 25-26 अंश मानवतात. पाणी काही दिवस 30 च्या वर राहिलं की प्रवाळं आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरी पडू लागतात. कोरड्या हवेच्या गावी पंख्यावर भागतं. आपल्याकडे दमटपणामुळे पाण्याची वाफ पुरेशी होत नाही, आणि जेवढी होते तेवढं पाणी खारट होत जातं.

आधी जागा ठरवा, मग मशीन. चिलर पाण्यातली उष्णता फक्त खोलीत आणून टाकतो. टाकीखालच्या बंद कपाटात ठेवलात तर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो, कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि बिल वाढतं ते वेगळंच. हवा आत जायच्या आणि बाहेर पडायच्या बाजूला निदान फूटभर मोकळी जागा हवी. बाल्कनीत ठेवायचा विचार उत्तम, पण पावसाची झड लागणार नाही असा कोपरा शोधा, आणि एसीच्या पाईपवर चढवतात तसलं काळं फोम नळ्यांवर चढवा. कळंगुट-कोलव्यासारख्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने मागच्या पत्र्यांना गंज लवकर धरतो, तिथे घरात ठेवणंच बरं.

आता क्षमता. 100 लिटर पाणी एका अंशाने उतरवायला साधारण 115 वॉट-तास उष्णता काढावी लागते, शिवाय दिवे आणि पंप दिवसभर भर घालतच असतात. खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. खोली 33 अंशांवर असताना किती अंश उतरेल ते दुकानदाराला विचारा, आणि दोन मापांत अडलात तर मोठं घ्या. आतली कॉइल टायटॅनियमचीच हवी. तांब्याची असेल तर हात लावू नका, तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी आणि प्रवाळं मरतात.

पंप चिलरच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रवाहात बसणारा घ्या, नळीची उंची धरून. पाणी सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत, कापडी गाळणीतून गाळून आल्यानंतरच्या कप्प्यातून उचला. परतीची नळी टाकीत बुडलेली असेल तर वीज जाताच पाणी उलटं सम्पमध्ये येतं. नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली छोटं भोक पाडा म्हणजे हवा शिरून ओढ तुटेल. पंप मुद्दाम बंद करून सम्प कुठवर भरतो ते डोळ्यांनी पाहा.

विजेसाठी अर्थिंगचा स्वतंत्र पॉईंट आणि आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), यात काटकसर नको. वायर प्लगच्या खाली लोंबती सोडा, ओघळ बोर्डात जाणार नाही. मे-जूनच्या वादळी संध्याकाळी वीज ये-जा करते, तेव्हा इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारा पंप ठेवा, चिलर नको. कंप्रेसर सुरू होताना ओढतो तो करंट छोट्या इन्व्हर्टरला झेपत नाही.

मशीन घरी आलं की काही तास उभंच राहू द्या. मग 26 वर लावून, दिवसाला एखादाच अंश उतरवत, वेगळ्या थर्मामीटरने दुपारी तीनला तपासा. ही चाचणी होईस्तोवर प्रवाळ आणू नका. गोव्याच्या किनाऱ्यासमोरच्या ग्रँड आयलंड बेटाजवळ दिसलेलं दगडी प्रवाळ तर कधीच नाही, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली तो गुन्हा आहे. दुपारी कंप्रेसर सलग चालूनही पाणी उतरत नसेल तर आधी जाळी धुळीने भरलीय का ते बघा.