गाडीसाठी चिप निवडण्याआधी

चिप (म्हणजे मायक्रोकंट्रोलर, बोर्डाचा मेंदू) कोणती घ्यायची हा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवायचा. आधी गाडी नीट पाहून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिनाच्या तापमानाचा काटा नसतो, नुसता दिवा असतो. म्हणून तापमान आणि आरपीएम दाखवणारा छोटा डिस्प्ले करायचा आहे, असं धरून चालू.

टॉर्च घेऊन स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो ते) शोधा. ६ आणि १४ नंबरला धातूच्या पट्ट्या दिसल्या तर बहुधा कॅन बस (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन) आहे. त्या नसून ७ नंबरला दिसली तर के-लाइन (जुनी, एका वायरीची पद्धत), आणि मग सगळा बेत बदलतो. बॅटरीची वायर काढून ६ आणि १४ मधला रोध मोजा. साधारण ६० ओहम आला पाहिजे, कारण बसच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहम असतात. बसला जोडायच्या आपल्या कॅन मॉड्यूलवरही १२० ओहमचा जंपर असतो. गाडीला जोडताना तो काढायचा.

मग सप्लाय. गाडी ‘१२ व्होल्ट’ची म्हणतात, पण इंजिन चालू असताना १४ च्या आसपास मिळतात, स्टार्टर मारताना क्षणभर ७-८ पर्यंत घसरतात. चार्जिंग चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल झालं तर कित्येक दहा व्होल्टचा झटका येतो. म्हणून यादीत एक अँपियरचा फ्यूज, टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका शोषणारा), उलट जोडणीपासून संरक्षण आणि ४० व्होल्ट सोसणारा बक कन्व्हर्टर (कमी उष्णतेत व्होल्टेज उतरवणारा) हवाच. ७८०५ या साध्या ५ व्होल्ट रेग्युलेटरवर भागवू नका: १४ चे ५ करताना ०.३ अँपियरला २.७ वॅट नुसती उष्णता होते.

उभ्या गाडीतला करंट मात्र मी कधीच विसरणार नाही. माझा पहिला बोर्ड ५० मिलिअँपियर ओढत होता. दिसायला किरकोळ, पण दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. दोन आठवड्यांनी गावाहून आलो, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी आणि स्टार्टर नुसता टकटक करतोय. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला किल्ली काढल्यावरही सप्लाय असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून झोपेतला करंट डेटाशीटमध्ये वाचून थांबू नका, पूर्ण बोर्डाचा मीटर लावून मोजा. ईएसपी३२ ही चिप डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) मायक्रोअँपियरवर येते, पण बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि लाल दिवा आपापला वाटा घेतच राहतात.

आता चिप. आर्डुइनो उनो आर३ मध्ये कॅन नाही, रॅम २ केबी. एमसीपी२५१५ हे वेगळं कॅन कंट्रोलर मॉड्यूल जोडून काम होतं, फक्त त्याच्या क्रिस्टलवर ८ लिहिलंय की १६ (मेगाहर्ट्झ) ते पाहून तोच आकडा कोडमध्ये द्या. रास्पबेरी पाय पिकोतही कॅन कंट्रोलर नाही. एसटीएम३२एफ१०३ मध्ये आहे, पण त्यात कॅन आणि यूएसबी एकाच वेळी चालत नाहीत. या डिस्प्लेसाठी मी ईएसपी३२ घेईन: कंट्रोलर आतच आहे, बाहेर फक्त ३.३ व्होल्टचा ट्रान्सीव्हर (चिप आणि बसच्या वायरी यांच्यामधला दुवा) लागतो, एसएन६५एचव्हीडी२३० सारखा.

मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून पाहा आणि मग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्या. बोर्ड काचेखाली न ठेवता खाली सावलीत बसवा.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला आणि ब्रेकच्या वायरींना हात लावायचा नाही, यावर माझी तडजोड नाही. कॅन बसवरही आधी फक्त ऐकणाऱ्या मोडमध्येच जोडा. वेग बहुतेक ठिकाणी ५०० केबीपीएस असतो. चुकीच्या वेगाने बोलायला लागलात तर गाडीचे स्वतःचे संदेश बिघडतात. ऐकू येणारे संदेश स्वच्छ दिसले की मगच ७डीएफ या आयडीवर (संदेशाच्या क्रमांकावर) तापमान विचारा. उत्तर साधारण ७ई८ वरून येतं. त्यातल्या तापमानाच्या बाइटमधून ४० वजा करायचे: १३० आले तर पाणी ९० अंशांवर आहे.