टॅबवर गिटार रेकॉर्ड करायचीय? मग अॅप सगळ्यात शेवटी निवडा

माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात फोन केला, मामा आयपॅडवर अकरा म्युझिक अॅप्स टाकलीत पण अजून एक पण गाणं धड रेकॉर्ड झालं नाहीये, कुठलं अॅप चांगलं ते सांग. रविवारी त्याच्याकडे जाऊन बघितलं तर अकरातली चार नुसती ट्यूनर होती, आणि गिटार टॅबला जोडायची वायरच घरात नव्हती! म्हणजे नवरदेवाचा पत्ता नाही आणि पत्रिका अकरा छापून तयार. त्या दिवशी आम्ही दोघांनी जे केलं तेच इथे लिहितोय, इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना जास्त उपयोगी पडेल, अकूस्टिकवाल्यांसाठी पुढे थोडं आहे.

आधी वायरचं बघू, कारण अॅपला दिलेल्या निम्म्या शिव्या खरं तर वायरच्या नावावर जायला पाहिजेत. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल एकदम बारीक असतो आणि तो टॅबला सरळ कळत नाही, मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो, म्हणजे गिटारचा सिग्नल टॅबला समजेल असा करून देणारा डबा. हेडफोनच्या भोकात घालायचे स्वस्त अडॅप्टर मिळतात, पण त्यात जाणारा आणि येणारा आवाज एकाच पिनेतून फिरतो, त्यामुळे डिस्टॉर्शन वाढवलं की शिट्टी सुरू. चार पैसे जास्त घालून यूएसबीवालाच घ्या, बेरिंजर यूएम2 किंवा फोकसराइट स्कारलेट सोलो असला छोटा डबा पुरतो. दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा, हा क्लास कम्प्लायंट आहे का, म्हणजे ड्रायव्हर न टाकता चालतो का, कारण आयपॅडवर ड्रायव्हर टाकायची सोयच नाही म्हटलं तरी चालेल. तुमच्याकडे मल्टिइफेक्ट प्रोसेसर असेल तर आधी त्याच्या मागे बघा, यूएसबी पोर्ट असेल आणि मॅन्युअलमध्ये यूएसबी ऑडिओ लिहिलं असेल तर तोच तुमचा इंटरफेस, वेगळा खर्च नको.

इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झेड असं बटण असतं ते दाबायचं, नाहीतर गिटार कांबळं टाकल्यासारखी वाजते आणि माणूस बिचारा अॅपमध्ये ट्रेबल वाढवत बसतो. जुना लाइटनिंगवाला आयपॅड असेल तर अॅपलचा कॅमेरा अडॅप्टर लागतो, आणि तो पण चार्जिंगचं भोक असलेला घ्या, कारण आयपॅड इंटरफेसला पुरेशी वीज देत नाही आणि स्क्रीनवर मेसेज येतो की हे उपकरण जास्त पॉवर खातंय. यूएसबी-सीवाल्या आयपॅडला ही कटकट बरीच कमी. हेडफोन मात्र वायरचेच आणि ते इंटरफेसमध्येच लावायचे, टॅबमध्ये नाही. ब्लूटूथवाले अजिबात नकोत, त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, तुम्ही सम गाठता आणि कानात अजून पाचवीच मात्रा चालू असते.

मिलिसेकंदाचं निघालंच आहे तर लेटन्सी, म्हणजे तार छेडल्यापासून कानात ऐकू येईपर्यंतचा उशीर, तो पण बघून घेऊ, कारण अॅप निवडताना पुढे हेच कामाला येतं. टॅब आवाज तुकड्यातुकड्याने हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. 48 किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) 256 नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण 5.3 मिलिसेकंद, 128 केला की 2.7. हे आत जाताना एकदा आणि बाहेर येताना परत एकदा, वर इंटरफेसचं स्वतःचं थोडं. ऐकायला भीती वाटते, पण हवेत आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे 10 मिलिसेकंद म्हणजे अॅम्पपासून साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवणं, स्टेजवर आपण रोज तेच करतो. तेव्हा अॅपमध्ये बफर बदलायची सोय असेल तर 128 वर ठेवा, आवाज तडतडायला लागला तर 256 करा, आणि ज्या अॅपमध्ये 256 वर पण बोटं आणि कान जुळत नाहीत ते अॅप तुमच्या टॅबसाठी नाही, कितीही नावाजलेलं असो.

बरं, आता अॅप.

आयपॅड असेल तर डोळे झाकून गॅरेजबँडपासून सुरुवात करा. फुकट आहे, 32 ट्रॅक मिळतात, आत अॅम्प आहेत, पेडल आहेत, ट्यूनर आहे (भाच्याची चार अॅप्स इथेच उडाली), ड्रम वाजवणारा ड्रमर पण आहे. लोक त्याला लहान मुलांचं खेळणं समजतात तो त्यांचा प्रश्न. नवीन गाणं उघडा, गिटारचं चित्र सरकवून अॅम्प घ्या, कोपऱ्यातलं पिनेचं चिन्ह दाबून मॉनिटर चालू करा म्हणजे आपला आवाज आपल्याला ऐकू येईल. हे इंटरफेस लावल्यावरच करायचं, नाहीतर टॅबचा माइक आणि टॅबचाच स्पीकर एकमेकांशी भांडायला लागतात. तिथेच नॉइझ गेट (वाजवत नसताना येणारी खरखर बंद करणारा) आहे, तो अगदी थोडा लावा, जास्त लावलात तर लांबवलेला सूर शेवटी कापल्यासारखा तुटतो.

मग इंटरफेसची गेनची चकती. अगदी जोरात, जसं गाण्याच्या शेवटी वाजवाल तसं वाजवून बघा आणि मीटर लाल होणार नाही इतपतच ठेवा, उणे 12 डेसिबलच्या आसपास आलं की बास. सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड खाली 24 बिटचा पर्याय आहे तो चालू करा, त्याने कमी आवाजात रेकॉर्ड केलं तरी नंतर वाढवताना खरखर येत नाही.

आता एक जागा जिथे जवळजवळ प्रत्येक नवखा अडकतो. भाच्याने रिफ वाजवायला सुरुवात केली, छान चाललं होतं, आणि कडव्यात शिरला तेवढ्यात स्क्रीनवरची सरकणारी उभी रेषा परत पहिल्या बारवर! त्याने परत केलं, परत तेच, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी केलंय. गॅरेजबँडमध्ये नवीन गाण्याचा सेक्शन 8 बारचाच असतो, 120 च्या टेम्पोला 8 बार (एका बारात चार ठोके) म्हणजे फक्त 16 सेकंद. वर पट्टीच्या उजव्या टोकाला अधिकचं चिन्ह आहे ते दाबा, सेक्शन ए वर जा, ऑटोमॅटिक चालू करा, मग वाजवा किती पण. या एका बटणापायी लोकांनी अॅप उडवलेलं मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे गॅरेजबँड गिटार कोरी साठवतं, अॅम्प वरून लावतं. म्हणजे आज डिस्टॉर्शनमध्ये वाजवलेलं उद्या क्लीन करता येतं, फक्त अॅम्प बदलायचा, परत वाजवायला नको. कुठलंही दुसरं अॅप घेताना हे बघाच, की ते कोरा सिग्नल ठेवतं का अॅम्पसकट शिजवूनच ठेवतं. शिजवलेलं असेल तर आज रात्री दोन वाजता आवडलेला रिव्हर्ब उद्या सकाळी विहिरीतून आल्यासारखा वाटला तरी तो तसाच राहणार.

तालाचं एक सांगतो कारण आपल्याकडे भावगीताची चाल बसवणारे गिटारवाले बरेच आहेत. गॅरेजबँडमध्ये 4/4, 3/4 आणि 6/8 एवढंच आहे. केहरवा 4/4 च्या दोन बारमध्ये बसतो, दादरा 3/4 च्या दोन बारमध्ये, पण सात मात्रांचा रूपक नाहीतर दहा मात्रांचा झपताल घ्यायचा म्हटलं की मेट्रोनोमचा ठोका भलत्याच मात्रेवर पडायला लागतो. मी काय करतो, मेट्रोनोम बंद, फोनवर आयतबलाप्रोसारखं तबल्याचं अॅप लावायचं, फोनमधून वायर काढून इंटरफेसच्या इनपुटात घालायची, इन्स्टचं बटण तेवढ्यापुरतं काढायचं आणि चार मिनिटं नुसता ठेका एका ट्रॅकवर घेऊन ठेवायचा, मग त्यावर गिटार. बारच्या उभ्या रेषा जुळत नाहीत, मग कॉपी पेस्ट करताना कानाने जुळवावं लागतं, पण ठेका जिवंत मिळतो.

अॅम्पची वेगळी अॅप्स कधी घ्यायची? गॅरेजबँडमधला आवाज नक्की कुठे कमी पडतोय हे शब्दात सांगता आलं की. "मस्त नाही वाटत" हे कारण नाही, "क्रंच आवाजात पाम म्यूट भसाडा येतो" हे कारण आहे. अॅम्प्लिट्यूब, टोनस्टॅक, बायस एफएक्स ही त्यातली जुनी जाणती नावं. बहुतेक ठिकाणी अॅप फुकट आणि आत दुकान, दोन अॅम्प हातात देतात आणि बाकी काचेमागे. घेण्याआधी एयूव्ही3 हा शब्द वर्णनात आहे का बघा. असेल तर ते अॅप गॅरेजबँडच्या आतच प्लगइनसारखं उघडतं, ट्रॅकच्या सेटिंगमध्ये प्लगइन्समध्ये जाऊन लावता येतं. नसेल तर ते आपलं एकटंच वाजणार आणि तिथलं रेकॉर्डिंग इकडे आणायला फाइलींची ने-आण करावी लागणार. मी एका अॅपमध्ये (नाव नाही घेत) तीन पॅक विकत घेतले होते, टॅब बदलला आणि त्यातला एक पॅक रिस्टोअर होईना, शेवटी नाद सोडला. तेव्हापासून एका वेळी एकच पॅक, आणि तो पण महिनाभर फुकटच्या अॅम्पवर वाजवून झाल्यावरच.

अँड्रॉइड टॅबवाल्यांनी नाराज होऊ नका पण खरं सांगतो, तिथे काम जरा जास्त आहे. गॅरेजबँड नाही. बँडलॅब बरंचसं फुकट आहे, फोन, टॅब आणि ब्राउझर तिन्हीकडे तेच गाणं उघडतं, मित्र नागपूरला आणि तुम्ही ठाण्यात असाल तर त्याला बेस टाकायला सांगायला झकास, फक्त नेट लागतं आणि काही सोयी पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. लेटन्सी मात्र टॅबच्या कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलते, एकाच अॅपचा अनुभव दोन मित्रांचा दोन प्रकारचा असतो. ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइल या अॅपने स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर बनवलाय, वेगळे पैसे पडतात पण इंटरफेस लावून वाजवणाऱ्याला फरक जाणवतो. लेटन्सी जाईचना तर सरळ उपाय, अॅपमधलं मॉनिटरिंग बंद करा आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते दाबा, गिटार कोरडी ऐकू येईल पण वेळेवर येईल, अॅम्प नंतर लावा. वाजवलेला ट्रॅक थोडा मागे पडलेला दिसला तर बोटाने पुढे सरकवायचा.

क्यूबेसिस 3 दोन्हीकडे मिळतं, एकदा पैसे भरले की झालं, आणि ज्याला कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसारखं (त्याला DAW म्हणतात) मिक्सर वगैरे पाहिजे त्याला आवडतं. आयपॅडसाठी लॉजिक प्रो मे 2023 मध्ये आलं, ताकदीचं आहे, पण वर्गणीवर चालतं आणि ए12 चिपच्या खालच्या आयपॅडवर चालतच नाही, तेव्हा आधी आपला आयपॅड कुठला ते बघा. एफएल स्टुडिओ मोबाइल बीट बनवणाऱ्यांचं, गिटारवाल्याला त्यात परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधल्यासारखं होतं. एयूएम, ऑडिओबस, लूपी प्रो या मंडळींकडे निदान तीन महिने फिरकू नका. छान आहेत, मी रोज वापरतो, पण ती अॅपला अॅप जोडायची कामं आहेत आणि तुमच्याकडे अजून जोडायला काही नाही.

दोन अॅपमध्ये अडकलात तर माझी परीक्षा अशी. टॅब बंद ठेवा, गिटार मांडीवर घ्या, घड्याळ लावा. टॅब उघडण्यापासून लाल बटण दाबून पहिला सूर रेकॉर्ड होईपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. मग तोच 16 बारचा रिफ दोन्हीत वाजवा, एक चूक मुद्दाम करा आणि तेवढाच एक बार परत वाजवून बसवायचा प्रयत्न करा. शेवटी वेव्ह फाइल बाहेर काढून फोनवर ऐका. भाच्याने हे तीन अॅपवर केलं, एकात त्याला वेव्ह काढायचा पर्याय पैशांमागे सापडला, एकात चुकलेला बार बदलताना शेजारचा पण पुसला गेला. निवड आपोआप झाली, मला बोलावं लागलं नाही.

अकूस्टिक असेल तर सुरुवातीला इंटरफेस नसला तरी चालेल. गॅरेजबँडचा ऑडिओ रेकॉर्डर घ्या, टॅब खुर्चीवर उभा ठेवा, माइकचं भोक बाराव्या फ्रेटकडे, हातभर अंतरावर. आवाजाच्या भोकासमोर धरलंत तर नुसतं घुमतं. पंखा बंद, गाद्या-उशा असलेली खोली, आणि घरी विचारून घ्या कुकर कधी लागणारे.

गिटारमध्ये घुं असा आवाज येत असेल आणि तारांना हात लावला की कमी होत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. गेला तर दोष चार्जरचा नाहीतर घरातल्या अर्थिंगचा, अॅपचा नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये हे फार होतं.

आणि जागा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो म्हणजे मिनिटाला साधारण 8.6 एमबी. चार मिनिटांचं गाणं आणि आठ ट्रॅक म्हणजे पावणेतीनशे एमबी, चुकलेले टेक वेगळे. जागा करायला अॅप उडवायच्या आधी त्यातली गाणी फाइल्समध्ये दुसरीकडे ठेवा, कारण नुसत्या टॅबवर ठेवलेली गाणी अॅपबरोबरच जातात. माझं 2 तास खपून केलेलं एक असंच गेलं, मीच घाईत अॅप उडवलं होतं. म्हणून भाच्याने अकरातली नको असलेली आठ उडवली ती त्याला प्रत्येकाचं फोल्डर आधी उघडून बघायला लावूनच.